डिग्री भाड्याने द्यायची नाही, मग तिचं करायचं काय?

पत्राचा सारांश (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत)

सोलापूर जिल्ह्यातला २७ वर्षांचा तरुण. बी.एस्सी. कृषी झाल्यावर गेली चार वर्षं पुण्यात पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. पूर्व परीक्षा दोनदा निघाली, मुख्य दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. घरी साडेचार एकर, त्यात दोन एकर डाळिंब. तेल्या आणि मर रोगानं निम्मी बाग गेलेली. वडील दरमहा नऊ हजार पाठवतात. मामांच्या ओळखीनं एका कीटकनाशक कंपनीत फील्ड ऑफिसरची नोकरी चालून आली आहे, १८ हजार पगार आणि पेट्रोल. आई म्हणते, "लोकांच्या बांधावर औषधंच विकायची होती तर पुण्याला कशाला गेला होतास?" वडील काहीच बोलत नाहीत. सोयरीक बघायला आलेले 'मुलगा सध्या तयारी करतोय' ऐकून चहा पिऊन जातात. त्याचा प्रश्न: "अजून एक अटेम्प्ट द्यावा, की हार मानून गावी जावं? परीक्षा सोडली तर या डिग्रीला काही किंमत आहे का?" आणि शेवटी, जाता जाता लिहिलेलं: तालुक्यातला एक कृषी सेवा केंद्रवाला परवान्याला लावायला डिग्री मागतोय, वर्षाला ४० हजार देईन म्हणतो. "घ्यावेत का? तेवढाच वडिलांचा भार हलका होईल."

उत्तर

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ आधी घेतो, कारण तिला फार विचार लागत नाही. घेऊ नका.

कीटकनाशकं विकण्याच्या परवान्याला कृषी किंवा विज्ञान शाखेची पदवी, नाहीतर सरकारनं ठरवून दिलेला अभ्यासक्रम लागतो. त्यामागचा विचार सरळ आहे. काउंटरवरून बाटली देणाऱ्याला तिच्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ माहीत असावा, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही हे त्याला सांगता यावं. तुमची डिग्री भिंतीवर आणि तुम्ही पुण्यात, म्हणजे तो सांगणारा माणूसच दुकानात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा कुठलं औषध कशात मिसळायला कोणी सांगितलं, हाच प्रश्न सगळीकडे विचारला गेला. उद्या त्या दुकानातून गेलेल्या औषधानं काही झालं तर कागदावर नाव तुमचं निघेल. सरकारी नोकरीची स्वप्नं बघणाऱ्या माणसानं तर या वाटेला जाऊच नये. चारित्र्य पडताळणी नावाची गोष्ट असते.

पण याच ओळीत तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तरही पडलेलं आहे. दुकानदार काही खुळा नाही. तो तुमच्या नुसत्या कागदाचे वर्षाला ४० हजार मोजायला तयार आहे, माणूस नको म्हणतोय तरी. या डिग्रीला किंमत आहे का, असं तुम्ही मला विचारता, आणि किंमत लावणारा गिऱ्हाईक तुमच्याच तालुक्यात बसलाय! मग कागदासोबत माणूसही आला तर त्याचं काय मोल होतं, ते बघू.

त्याआधी अटेम्प्टचं. 'अजून एक की हार' अशी तुम्ही मांडणी केली आहे. मला ती पटत नाही, आणि कारण भावनिक नाही, वयाचं आहे. एमपीएससीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, म्हणजे ते दार अजून बरीच वर्षं उघडं आहे. लवकर बंद होतायत ती दुसरी दारं. आयबीपीएसमार्फत सरकारी बँकांत भरले जाणारे कृषी क्षेत्र अधिकारी, म्हणजे ज्याला सगळे एएफओ म्हणतात, त्याला खुल्या गटात वय ३० पर्यंतच. नाबार्डच्या ग्रेड 'ए'लाही ३०. आरक्षित प्रवर्गांना काही वर्षांची सवलत आहे, ती जाहिरातीत नीट वाचा. तुम्ही २७ चे. चार वर्षं जी परीक्षा थांबायला तयार आहे तिच्यासाठी बसलात, आणि जी थांबणार नाही तिचा पत्रात उल्लेखही नाही. अभ्यास वाया जाणार नाही, कारण एएफओच्या मुख्य परीक्षेत कृषीचंच व्यावसायिक ज्ञान तपासतात आणि नाबार्डला कृषी व ग्रामीण विकासाचा स्वतंत्र भाग आहे. बुद्धिमापन, गणित आणि इंग्रजीची सवय तेवढी नव्यानं लावावी लागेल. इंग्रजीला घाबरून आपली मुलं हे फॉर्मच भरत नाहीत, असं मी फार पाहिलंय.

दोनदा मुख्यपर्यंत जाणं म्हणजे अपयश नव्हे, पण म्हणून तिसऱ्यांदा होईलच असंही नाही. कटऑफपासून तुम्ही किती गुणांनी मागे राहिलात ते दोन्ही वर्षांचं शेजारी लिहून बघा. अंतर कमी होत असेल तर परीक्षा सोडू नका. तेवढंच असेल किंवा वाढलं असेल तर खोली आणि मेस बदलून ते भरून निघणार नाही. आणि वेळापत्रकाचा भरवसा तुम्हाला मी काय सांगावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत कृषी सेवेच्या २५८ जागा घालाव्यात आणि आयबीपीएसच्या तारखेशी टक्कर नको, म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर बसली. मागणी रास्त होती. पूर्व परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. जे नोकरी करता करता अभ्यास करत होते त्यांना त्या महिन्यांचा पगार मिळाला. पेठेतल्यांना घरून पैसे मागवावे लागले. म्हणून परीक्षा द्या, पण पुण्यातला मुक्काम म्हणजेच परीक्षा, हे समीकरण सोडा.

दुसरी गोष्ट तुम्ही धरून चाललाय ती अशी, की कृषी पदवीधराला दोनच जागा: तालुका कृषी अधिकाऱ्याची खुर्ची, नाहीतर बापाची शेती. बांध आणि ताट यांच्या मधे केवढी माणसं राबतात! तुमच्या जवळचंच उदाहरण घ्या. पंढरपूरजवळ कासेगावचा द्राक्षपट्टा आहे. तिथला, किंवा नाशिकचा, एक निर्यातीचा प्लॉट डोळ्यांसमोर आणा.

ऑक्टोबर छाटणीआधी काडीपरीक्षण, पुढे पानदेठ परीक्षण, हे अहवाल कोणीतरी वाचून छाटणी आणि खताचा डोस ठरवतं. युरोपला जाणाऱ्या प्लॉटची कृषी विभागाकडे नोंदणी लागते, प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण नोंदवहीत लागतं. काढणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन घडांचे नमुने नेतो आणि अंश तपासणीचा, म्हणजे फळात औषध किती उरलंय त्याचा, अहवाल आल्याशिवाय माल हलत नाही. ही सगळी साखळी अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदलेली असते, ती व्यवस्था २००६ पासून आहे. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अंश तपासणीची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम बघतं. मग पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून भरायची जागा. तिथं टेबलाशी उभा असलेला क्वालिटीवाला मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकतो, उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतो, रिंगमधून मण्याचा आकार तपासतो, आणि शेतकरी शेजारी उभा असतानाच क्रेट बाजूला काढतो. बाजूला काढायला छाती लागते, आणि का काढला ते समजावून सांगायला शेतीचं शिक्षण लागतं. त्याच्यामागे प्री-कूलिंग, कोल्ड स्टोअर, कंटेनर, कागदपत्रं, प्रमाणन संस्थेचा ऑडिटर.

२०१० मध्ये काय झालं ते तुमच्या भागातल्या जुन्या बागायतदारांना विचारा. शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि युरोपात आपली द्राक्षं अडकली, लोकांची देणी थकली. एका वाढ-नियंत्रकानं हंगाम बुडवला. त्यानंतर अंशाकडे बघायची सगळ्यांचीच नजर बदलली, आणि ती नजर असलेल्या माणसांची गरज वाढली. या मुलांना कोणी साहेब म्हणत नाही, त्यांच्या गाडीवर पाटी नसते. पण द्राक्षाचा जाणता सल्लागार एकराप्रमाणे किंवा व्हिजिटप्रमाणे फी घेतो आणि छाटणीच्या दिवसांत त्याचा फोन लागत नाही. तो काही पहिल्या दिवशी सल्लागार झालेला नसतो. आधी दोन-चार हंगाम कोणाच्यातरी हाताखाली, पॅकहाऊसमध्ये, प्रयोगशाळेत, नाहीतर कंपनीत काढलेले असतात.

द्राक्ष हे मी एक उदाहरण घेतलं. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. प्रत्येक कारखान्याला शेतकी विभाग असतो, ऊस विकासाचं काम असतं. तिथं ओळखीपाळखीचं राजकारण चालतं हेही खरं, पण ठिबक, बेणेमळा, माती परीक्षण यातलं खरोखर कळणारा माणूस कमीच असतो. अन्न सुरक्षा अधिकारी या पदाला कृषिशास्त्राची पदवी ग्राह्य आहे हे आपल्याकडच्या कितीतरी मुलांना माहीत नसतं. त्यांना वाटतं ते फार्मसीवाल्यांचं काम. भारतीय वन सेवेलाही कृषी पदवीधर बसू शकतो. पाणी आणि जमिनीत रस असेल तर पाणलोटाचं काम आहे. बाएफ आणि वॉटर (डब्ल्यूओटीआर) या स्वयंसेवी संस्था, पहिली १९६७ ची, दुसरी १९९३ ची, महाराष्ट्रात या कामात आहेत आणि त्यांना गावात मुक्काम करू शकणारी, माथा ते पायथा नकाशा वाचू शकणारी माणसं लागतात. पगार बेताचे, प्रकल्प संपला की पुढच्याची वाट, हे आधी विचारून घ्या. पीक विमा कंपन्या हंगामात पंचनाम्यांसाठी पदवीधर घेतात. ते काम तात्पुरतं आहे, त्यावर संसार उभा राहत नाही, पण एका खरिपात तालुक्याची शिवारं पाठ होतात.

शेतकरी उत्पादक कंपन्यांबद्दल थोडं सावध बोलतो. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी दरमहा २५ हजारांपर्यंत मदत तीन वर्षं मिळते, म्हणजे कृषी पदवीधराला ही जागा जवळच्या गावात मिळू शकते. मात्र बऱ्याच कंपन्या फक्त फलकावर आहेत. जाण्याआधी मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. उलाढाल खतविक्रीचीच असेल, सभासदांचा माल कंपनीनं विकल्याची एकही नोंद नसेल, तर तुम्ही तीन वर्षं अनुदानाचे कागद भरणार आहात. काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर नाशिकजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्स बघून या. एसटीच्या भाड्यात जेवढं शिकाल तेवढं एखाद्या बॅचच्या फीमध्ये शिकणार नाही.

स्वतःचा प्रक्रिया उद्योग काढा, असा सल्ला हल्ली जो तो देतो. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे, कृषी पायाभूत सुविधा निधीत व्याजात ३ टक्के सवलत आहे. सगळं खरं. योजना सध्या चालू आहे का तेवढं जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून घ्यायचं. पण अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, आणि उरलेलं कर्ज तुमच्या नावावर असतं. निम्मी बाग गेलेल्या घरातल्या, विक्रीचा एक दिवसाचाही अनुभव नसलेल्या मुलानं आज डाळिंबाच्या रसाचं युनिट टाकू नये. मशीन विकणारा तुम्हाला याच्या उलट सांगेल. तुम्हाला स्वतःचंच काही करायचं असेल तर मॅनेज या केंद्राच्या कृषी विस्तार संस्थेच्या कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजनेचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण आधी करा. खास कृषी पदवीधरांसाठी ते २००२ पासून चालू आहे, मोफत आहे, आणि पुढे कर्ज काढलं तर ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदानाची सोय त्यात आहे. प्रशिक्षण केलं म्हणून धंदा काढलाच पाहिजे असं नाही.

आता समोर आलेली नोकरी. आईंचा राग मला समजतो, पण त्यांनी कामाचा एकच भाग पाहिलाय. फील्ड ऑफिसर बाटल्या विकतो तसेच डेमो प्लॉट लावतो, शेतकरी मेळावे घेतो, कुठल्या गावात कुठली कीड कधी येते हे त्याला कृषी खात्याच्या आधी कळतं. त्याच वेळी हेही खरं की महिनाअखेरीला टार्गेट असतं, डीलरच्या गोदामात माल कोंबावा लागतो, आणि दुकानदाराकडची वसुली अडली की साहेबांचा फोन ऑफिसरलाच येतो. काही जण या वसुलीपायीच नोकरी सोडतात. म्हणून पगारावर जाऊ नका, मामांना मधे ठेवून चार गोष्टी स्पष्ट विचारा. वसुलीची जबाबदारी माझी की डीलर सांभाळणाऱ्या वरिष्ठांची? नेमणूक कंपनीच्या पगारपत्रकावर की ठेकेदारामार्फत? तालुके किती आणि दिवसाचा प्रवास किती? आधीचा माणूस का गेला? शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर त्या माणसाचा नंबर शोधून त्यालाच विचारा.

उत्तरं बरी आली तर माझा कौल नोकरी घ्यावी असा आहे, साधारण दोन खरीप हंगामांपुरती, आणि पहाटे दोन तास एएफओचा अभ्यास ठेवून. नऊ हजार यायचे थांबतील, तुमच्याकडून काही जायला लागतील. परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यावर डोक्यात घरचा खर्च नसणं यानं किती फरक पडतो ते तुम्हालाच कळेल. पुढे शिकायचंच असेल तर मॅनेज हैदराबाद किंवा पुण्यातली वैकुंठ मेहता संस्था इथला कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे. कामाचा अनुभव असलेल्या मुलाला तिथल्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं.

वडील बोलत नाहीत, असं तुम्ही एकाच ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथं थांबलो. त्यांचं मौन तुम्ही नाराजी समजताय. कदाचित बागेचा हिशेबच त्यांना तुमच्यापुढे मांडवत नसेल. 'गावी परत येऊ का' हा प्रश्न त्यांना विचारूच नका, त्याला ते 'तुझं तू बघ' म्हणतील. त्याऐवजी मागच्या दोन वर्षांचा जमाखर्च घेऊन शेजारी बसा. औषधांची उधारी किती, सोसायटीचं कर्ज किती, बागेतून आलं किती. साडेचार एकरांत दोन कर्ती माणसं पोसली जातात का हे त्या वहीत दिसेल, माझ्या किंवा आईंच्या मतात नाही. शिवाय सोलापुरातच, केगावला, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. चार वर्षांत बागेची माती नि मुळांचे नमुने घेऊन तुम्ही तिथं गेलात का? राहिलेली निम्मी बाग ठेवायची, की काढून जमिनीला विश्रांती द्यायची, हा निर्णय तुमच्या डिग्रीतला आहे. तो वडिलांनी एकट्यानं घ्यावा अशी वेळ आणू नका.

सोयरिकीचं थोडक्यात. २०२२ च्या डिसेंबरात तुमच्याच सोलापुरात लग्न न जुळणारी मुलं बाशिंग बांधून कलेक्टर कचेरीवर गेली होती, म्हणजे हे दुखणं तुमचं एकट्याचं नाही. पण 'तयारी करतोय' या उत्तराला मुलीचा बाप घाबरतो तेवढा १८ हजारांना घाबरत नाही. तारीख नसलेल्या उत्तराची त्याला भीती वाटते.

आणि ज्यांची डिग्री अजून चालू आहे त्यांच्यासाठी. सातव्या सत्रात तुम्ही कृषिदूत किंवा कृषिकन्या म्हणून गावात जाता. ते दिवस फोटो आणि जर्नल भरण्यात घालवू नका. त्या गावातला एक पॅकहाऊस, एक दूध संकलन केंद्र, एक कृषी सेवा केंद्र आतून बघा आणि तिथं पगारावर असलेल्या माणसाला त्याचा दिवस कसा जातो ते विचारा. मुली मला लिहितात की फिरतीची नोकरी घरचे करू देत नाहीत. त्यांनी प्रयोगशाळा, गुणवत्ता तपासणी, ऊतीसंवर्धन, बियाणे चाचणी ही कामं आधी बघावीत. तिथं फिरती कमी आणि बढतीला जागा आहे, आणि दोन वर्षांनी घरच्यांचं मतही बदललेलं असतं.

कंपनीला होकार कळवण्याआधी मात्र एक दिवस, सध्या तुमच्या तालुक्यात काम करणाऱ्या एखाद्या ऑफिसरच्या गाडीवर मागे बसून सकाळी सातपासून रात्रीपर्यंत फिरा. मामा तेवढी व्यवस्था नक्की करतील. दुपारी उन्हात तो कुठं जेवतो, शेतकरी त्याला बसायला पोतं टाकतात की गाडी बघून वळतात, डीलरपुढं तो कसा बोलतो, एवढं पाहून आलात की आईंना काय सांगायचं ते मला विचारावं लागणार नाही.